हिंमतचा बदली

“सिपाही हिंमत पाटील!” मी गेटवर नाव पुकारलं.

“हाजर, साहेब!”

आधी पोट पुढे आलं, मग त्यामागून माणूस. पन्नाशीला टेकलेला, मिशीला मेंदी लावलेला, हातात आमच्याच पलटणीची किटबॅग. खरा हिंमत पाटील तरणाबांड आणि वेतासारखा सडपातळ. मागच्या कॅम्पला मीच त्याला दोरावर चढवला होता. एवढ्या दिवसांत माणूस इतका पिकत नाही.

“तू हिंमत?”

“नही साहेब,” तो अगदी सरळपणे म्हणाला. “मी उखा. हिंमतना मेहुना. त्याना बदली शे मी.”

मी तेव्हा प्रादेशिक सेनेच्या एका पलटणीत सुभेदार होतो. प्रादेशिक सेना, आमच्या बोलण्यात टीए, म्हणजे राखीव सैन्य. यातले जवान एरवी आपापल्या पोटापाण्याला लागलेले असतात. कोणी मास्तर, कोणी रिक्षावाला, कोणी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. वर्षातून एकदा ट्रेनिंग कॅम्पला येतात. तिथे दांडी मारली तर शिव्या खाऊन भागतं. पण सरकारने पलटण खऱ्या ड्यूटीसाठी बोलावली, तर त्याला एम्बॉडिमेंट म्हणतात. तिथे न येणं हा गुन्हा. माणूस आधी ‘अब्सेंट’ होतो, मग ‘डेझर्टर’, म्हणजे पळपुटा. मग त्याच्या दारात पोलीस उभे राहतात.

हे बोलावणं दुसऱ्या प्रकारचं होतं. मंगळवारी पहाटे पलटण निघणार होती, आणि न आलेल्यांना हुडकून आणायचं काम माझ्याकडे होतं. या कामात मी नाना तऱ्हेची कारणं ऐकलीत. एकाने म्हशीचं बाळंतपण सांगितलं होतं, एकाने स्वतःचं लग्न. चौकशी केली तर दोन्ही खरं निघालं. पण आपल्या जागी माणूस पाठवणारा हा पहिलाच.

उखाला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. तो सुरतेत लूमवर काम करायचा, हिंमतही तिथेच. लूमच्या कारखान्याला ते खातं म्हणतात. खात्यातला कारागीर गावी निघाला की जाताना आपल्या संच्यांवर, म्हणजे मागांवर, स्वतःच दुसरा माणूस उभा करून जातो. तो बदली. शेठला संचे चालू दिसले की झालं.

“मशीन बंद नको पडाले, साहेब,” उखा मला समजावून सांगायला लागला.

“अरे बाबा, ही मशीन नाही. पलटण आहे!”

“हा, मग ती बी बंद नको पडाले.”

मी त्याला कर्नलसाहेबांपुढे उभा केला.

“साब, ये कौन है?” त्यांनी मला विचारलं.

“सर, हिंमत पाटील का सब्स्टिट्यूट.”

कर्नलसाहेब खिडकीकडे वळले. बराच वेळ बाहेर बघत राहिले. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते. परत वळले तेव्हा चेहरा दगडी होता.

“मैंने इस आदमी को देखा नहीं. मंडे ईवनिंग रोल कॉल में मुझे असली वाला चाहिए. नहीं आया, तो दोनों का मामला पुलिस को.”

रविवारी सकाळी मी साध्या कपड्यांत उखाला घेऊन सुरतेची एसटी धरली. सापुताऱ्याच्या घाटात तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. पुढे जेल दिसत असताना इतकी गाढ झोप मी दुसऱ्या कोणाला लागलेली पाहिली नाही.

लिंबायतमधल्या हिंमतच्या गल्लीत शिरलो आणि मला वाटलं, रस्ता चुकून धुळ्यात आलो. दारोदारी रांगोळ्या, तोरणं, डफ. श्रावणातला कानबाईचा रविवार होता. खानदेशच्या लोकांची ही देवी. नारळाला नथ-डोळे लावून, दागिने घालून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी सकाळी तापीत विसर्जन करतात. एवढ्या एका दिवसासाठी माणसं कुठून कुठून घरी येतात.

हिंमत दारातच उभा होता. मला बघून त्याचा रंग उडाला. सवयीने टाचा जुळल्या, हात वर गेला. पायात चप्पल नव्हती आणि खांद्यावर टॉवेल होता, तरी सॅल्यूट कडक होता.

“साहेब, बदली पाठवला होता ना?”

“मिळाला,” मी म्हटलं. “मापात बसत नाही म्हणून परत आणला.”

उखा हसला. हिंमत हसला नाही. त्याची नजर माझ्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाशी जात होती.

मग कळलं ते असं. हिंमतला मोठा भाऊ, रोहिदास. त्याला सैन्यात जायचं होतं. दरवर्षी भरतीला धावायचा, दरवर्षी काहीतरी कमी पडायचं. वय उलटलं. त्यावर बाप गल्लीत चारचौघांसमोर काहीतरी लागेल असं बोलला आणि रोहिदास त्याच दिवशी घर सोडून गेला. त्याला काही वर्षं झाली. आणि आता त्याचा फोन आला होता. कानबाईला येतो, म्हणाला. पण तू दारात उभा असशील तर. बाबांसमोर एकट्याने यायचं बळ नाही माझ्यात.

“मी दारात नसलो तर तो गल्लीतूनच परत जाईल, साहेब,” हिंमत म्हणाला. “मग परत कधी फोनच नाही करणार.”

बाप आत खुर्चीत बसला होता. खुर्चीचं तोंड दाराकडे. हातात गुजराती पेपर होता. मी तिथे होतो तेवढ्या वेळात त्याने एकही पान उलटलं नाही.

हिंमतच्या आईने मला पाणी दिलं. चुलीवर पुरण शिजत होतं. कानबाईच्या स्वयंपाकाला रोट म्हणतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळायचा, आणि त्याचं घरच्यांनीच खायचं. बाहेरच्याला त्यातला घासही चालत नाही.

“रोहिदासच्या नावाचा घेतला?” मी विचारलं.

“दर वरीसले लेस, भाऊ,” ती म्हणाली. “तो नही उना तरी त्यानी मूठ चुकत नही.”

माझ्या डोळ्यासमोर आमचं साताऱ्याकडचं घर आलं. माझी आई माझ्या वाट्याच्या करंज्या डब्यात घालून फडताळात ठेवायची. मला रजा मिळेपर्यंत त्यांना वास यायचा. ती त्या फेकायची नाही, मला दाखवायची. आता दाखवायलाही कोणी नाही. काही दिवाळ्या तरी घरी करायला हव्या होत्या, असं आता वाटतं.

मी पाण्याचा पेला रिकामा केला. सुभेदाराने दुसऱ्याच्या चुलीपुढे डोळे पुसायचे नसतात.

पानं वाढली. मला आणि उखाला बाहेर ओट्यावर बसवलं, शेजारणीकडची वरणबट्टी खायला. उखा जावई, म्हणजे दुसऱ्या कुळाचा. त्याला रोट नाही. तो आत बघून कुरकुरला, “रोहिदास नही ना, मग त्यानं पान माले द्या ना. बदली!”

“ये उखा, चूप बठ!” सासू आतून कडाडली. “खात्यामा चालस बदली. रोटले चालत नही. ज्याना नावनी मूठ, त्यानीच खावानी.”

अख्खी ओळ हसली. मी मात्र बट्टी हातात तशीच धरून दारातून आत हिंमतकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

“ऐकलंस?” मी म्हटलं. “माझ्या पलटणीत तुझ्या नावाची एक मूठ आहे, हिंमत.”

त्याने उचललेला घास पुन्हा पानात ठेवला.

संध्याकाळी गाणी सुरू झाली. प्रत्येक रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली की हिंमत उठायचा, बाप मान वर करायचा, आई पदर सारखा करायची. कोणाचा जावई उतरायचा, कोणाची मुलगी. मीही उठायला लागलो होतो. ज्याला कधी पाहिलं नाही त्या माणसाची मी वाट बघत होतो.

रोहिदास आला नाही.

सकाळी कानबाई तापीकडे निघाली. डोक्यावर चौरंग, पुढे बायकांच्या फुगड्या. घाटावरून परतल्यावर हिंमत पुन्हा दारात उभा राहिला. मी घड्याळ बघत नव्हतो, पण घड्याळ मला बघत होतं.

“साहेब, उद्यापर्यंत...”

“उद्या पलटण नसेल, बाळा.”

तेव्हा त्याची आई किटबॅग घेऊन बाहेर आली. ती तिनेच भरली होती.

“जाय,” ती म्हणाली.

“माय, दादा उना तर?”

“तो उना तर मी शे दारमा. एक पोऱ्यानी वाट देखी राहिनू, दोन्हीसनी नको देखाडू. पोलीस मांगे लागनात तर तू बी दारमा येवाव नही.”

हिंमत पाया पडला. बापाच्याही. बाप पहिल्यांदाच बोलला, तेही माझ्याशी.

“साहेब, हा धावण्यात कसा आहे?”

“चांगला आहे.”

“मोठा याच्यापेक्षा चांगला होता,” तो म्हणाला आणि पेपर तोंडापुढे धरला.

रोल कॉलला हिंमत पाटील हजर होता. कर्नलसाहेबांनी त्याला उशिराबद्दल पिठ्ठू दिला, म्हणजे पाठीवर भरलेली पिशवी घेऊन मैदानाला फेऱ्या. शिक्षा ऐकताना तो सुटल्यासारखा दिसला. मंगळवारी तो आमच्याबरोबर निघाला आणि ती ड्यूटी त्याने चोख केली. उखाचं नाव कुठेच आलं नाही, कारण त्याला कोणी पाहिलंच नव्हतं.

या कामात मी एवढंच शिकलो. जो माणूस ड्यूटीवर येत नाही, त्याच्या घरी जाऊन आधी त्याला धमकावू नये. तिथे ओट्यावर बसून बघावं, घरात कोणाची वाट बघतायत. न आलेल्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा आणखी एक न आलेला माणूस असतो.

रोहिदास अजून घरी गेलेला नाही. वापीकडे कुठल्या तरी कंपनीत असतो, असं हिंमत सांगतो. मी आता रिटायर झालोय. कोणाला आणायला जायची ऑर्डर मला कोणी देऊ शकत नाही. कंपनीचा पत्ता मात्र मी मागून घेतलाय, आणि बायकोला सांगून ठेवलंय, श्रावणात दोन दिवस माझा भरवसा धरू नकोस.