ज्यानं पाडलं, त्यानं सोबत जायचं

फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारत होतो. रविवारची सकाळ होती, पोरं अजून यायची होती. वरवंडचा ओळखीचा पंक्चरवाला बोलत होता. "संपत सरांना उडवलं हो. हायवेला. मालाचा टेम्पो व्हता, थांबलाच न्हाई." माणूस जिवंत आहे का, हे मी आधी विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "जवळ कोण बसलंय?" तो म्हणाला, "एक पोरगा हाय. त्याचाबी खांदा गेलाय, हात लोंबतोय नुसता. पण सरांचं डोकं मांडीवर घेऊन बसलाय, कुणाला हात लावू देईना..." मी फक्कीचा डबा तिथंच टाकला आणि गाडी काढली. पोचलो तेव्हा अॅम्ब्युलन्स गेली होती. कडेच्या मातीत संपतचा एक बूट पडला होता, काचेचा चुरा होता, आणि डांबरावर सांडलेल्या रक्तावर कुणीतरी दोन पाट्या माती ओतली होती. तिच्यातूनही ते वर येत होतं. संपत दुपारच्या आत गेला.

जवळ कोण बसलंय, हे मी आधी का विचारलं, ते सांगायचं तर माझा पाय कसा मोडला तिथून सुरुवात करावी लागेल. तो संपतनंच मोडला होता.

आमची फुटबॉलची साखळी स्पर्धा भीमेच्या दोन्ही काठच्या पाच कॉलेजांची. दौंडला रेल्वेमुळे फुटबॉल जुना. शिरूरकडं तो नंतर गेला, आणि गेला तो कुस्तीच्या अंगानं गेला. तिकडचे बचावपटू बॉल काढून घेत नसत, माणूस काढून घेत. आम्हीही काही साधू नव्हतो. दौंड-शिरूर सामना म्हटलं की दोन्हीकडची माणसं ट्रॅक्टर भरून यायची, खिशात दगड असायचे आणि हातात उसाची कांडकी. अर्धा ऊस खायला, अर्धा फेकायला. मी लेफ्ट विंगला खेळायचो. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडलेले, वडील वरवंडजवळ जमिनीच्या तुकड्यावर स्थिरावलेले. हे शिरूरच्या प्रेक्षकांना कसं कोण जाणे कळलं होतं. बॉल माझ्याकडं आला की कडेनं ओरड व्हायची, "हाक रं मेंढरं, हाक!" त्या दिवशी शिरूरच्या मैदानावर मी त्यांच्या दोघांना चकवून आत घुसलो आणि समोरून मांडवगणचा संपत आला. बॉल कुठं होता हे त्यानं पाहिलंच नव्हतं, असं तो पुढं स्वतःच सांगायचा. नडगी मोडल्याचा आवाज मैदानाबाहेरच्या चहावाल्यानं ऐकला. मी खाली पाहिलं तर माझं पाऊल भलतीकडंच बघत होतं.

मग साखळीचा नियम लागू झाला. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण पाचही कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असायचा... ज्यानं पाडलं, त्यानं सोबत जायचं. जखमीच्या गाडीत बसायचं, मोडलेलं अंग धरायचं, प्लास्टर वाळेपर्यंत हलायचं नाही. लोक आता याला माणुसकी वगैरे म्हणतात. सुरुवात तशी झालेली नाही. पूर्वी कधीतरी एका जखमी पोराला घेऊन निघालेली जीप वाटेत अडवून फोडली होती, पोर आत असताना. तेव्हापासून त्यांचाच माणूस आपल्या जीपमध्ये घ्यायची पद्धत पडली. गाडीत आपलं पोर आहे म्हटल्यावर गावचे लोक दगड खाली टाकतात. सरळ सांगायचं तर तो ओलीस होता.

संपत ओलीस म्हणून माझा पाय मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. न्हावऱ्याच्या फाट्यावर पोरं उभी होतीच. पहिला दगड बॉनेटवर आला, दुसऱ्यानं पुढची काच तडकली. संपतनं माझा पाय तसूभर हलू न देता अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं आणि आपल्याच बाजूच्या पोरांच्या मागच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या. "मारा की! पयला मला मारा! आन् मग माझ्या आईला जाऊन सांगा, कुणी मारला त्ये!" रस्ता मोकळा झाला. आत येऊन बसला तर कपाळातून रक्ताची धार. दगड लागला होता, त्याला पत्ता नव्हता. ते रक्त माझ्या गुडघ्यावर टपकत होतं. मला म्हणाला, "लई दुखतंय का रं?" मी म्हणालो, "न्हाई, गुदगुल्या व्हत्यात." तो हसला, मी हसलो आणि हसताना पाय हलला, तसा मी गुरासारखा ओरडलो. चौफुल्यापर्यंत आम्ही दोघं आलटून पालटून हसत आणि ओरडत होतो.

दवाखान्यात माझी आई भाकरी घेऊन आली. कपाळाला पट्टी बांधलेला हा कोण शहाणा पोरगा लेकाच्या उशाशी बसलाय म्हणून तिनं आधी त्यालाच वाढलं. तो खाली मान घालून जेवला. दुसऱ्या दिवशी तिला कळलं. मला वाटलं आता भांडण होणार. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि एवढंच म्हणाली, "ह्यानंच मोडला व्हय? मग लघवीचं भांडंबी ह्यालाच धरू द्या." संपतनं ते केलं. तोंड वाकडं न करता केलं. जाताना तिच्या पाया पडून म्हणाला, "मावशी, दुसरा पाय सोडला बरं का त्याचा." आई म्हणाली, "सोडलास म्हून तर जिता चाललायस."

तेव्हापासून तो मला लंगड्या म्हणायचा आणि मी त्याला मोड्या. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो तेव्हा तो पेढे घेऊन आमच्या वस्तीवर आला आणि वडिलांना म्हणाला, "मामा, मी पाय मोडला म्हून ह्यो खाटंवर पडला, आन् खाटंवर पडला म्हून पुस्तक उघाडलं. निम्मी डिग्री माझी." वडिलांना ते खरंच वाटलं असावं, कारण त्यांनी पहिला पेढा त्यालाच भरवला. इथं स्पष्ट करतो, ते खरं नाही. पदवी पूर्ण माझी आहे. पण तो पेढा त्याला मिळाल्याचं मला वाईट वाटत नाही.

पुढं संपत शिरूरच्याच कॉलेजात क्रीडाशिक्षक झाला. मी कुरकुंभला कारखान्यात लागलो, आणि संध्याकाळी दौंडच्या संघाचं बघायला लागलो, बिनपगारी. वर्षातून दोनदा आम्ही समोरासमोर यायचो आणि वर्षभर फोनवर एकमेकांची उतरवायचो. त्या वर्षांत खेळ काही मऊ झाला नाही. कॉलरबोन मोडले, दात पडले, एकदा एकाचा कान टाके घालून जागेवर बसवला. पण दर वेळी पाडणारा गाडीत चढला. कधी रडत, कधी शिव्या देत, कधी त्याच्या सरांनी मानगूट धरून चढवला म्हणून. पण चढला.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर शिरूरच्या मैदानावर हा नियम मोडला. शेवटच्या मिनिटांत आमचा गोलकीपर अमोल बॉल पोटाशी धरून पडला होता, शिट्टी झाली होती, आणि त्यांच्या विकासनं कोपऱ्यावरचा झेंड्याचा बांबू उपटून त्याच्या तोंडावर घातला. जबडा दोन जागी फुटला. अमोल ओरडूही शकेना, तोंडातून नुसतं रक्त आणि दाताचे तुकडे. मग माणसं आत घुसली. मी स्वतः पाहिलं, एक साठीचा गृहस्थ चप्पल हातात घेऊन आमच्या पोराला बडवत होता आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं धोतर सावरत होता. संपत मध्ये घुसून दोन्हीकडचा मार खात विकासला हाका मारत होता. विकास पळाला. मागच्या तारेवरून उडी मारून उसात घुसला. आमची गाडी त्याच्याविना निघाली आणि व्हायचं तेच झालं. फाट्यावर दगड आले. मागची काच अमोलच्या अंगावर फुटली. ड्रायव्हरच्या गालाचं कातडं लोंबायला लागलं, तरी त्यानं एका हातानं गाल धरून गाडी हाणली.

त्या आठवड्यात आमच्या कॉलेजात बैठक झाली. समोर तीन वाटा होत्या. एक, आहे त्याच साखळीत राहायचं. दोन, शेजारच्या जिल्ह्याच्या साखळीत जायचं. तिथं एक संघ कमी पडत होता, ते आम्हाला बोलवतही होते, पण तिथला खेळ कच्चा, पोरं दोन वर्षांत आळसावली असती. तीन, पुण्याच्या शहर गटात अर्ज करायचा. हिरवं गवत, सामन्याला डॉक्टर, पोलीस, रेल्वेच्या शटलनं जाऊन संध्याकाळी घरी. दर सामन्याला पाच-सहा गोल खाल्ले असते, पण जबडे शाबूत राहिले असते. मी उभा राहून तिसऱ्या वाटेसाठी बोललो. अमोलच्या आईला तोंड दाखवायचं कसं, हे मला कळत नव्हतं. आम्ही गेलो की बाकीची कॉलेजंही एकेक करून दुसरीकडं सरकणार आणि नदीकाठची साखळी संपणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

संपतला कळलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. डोळा सुजलेला, हातावर वळ. चहा घेतला नाही.

"लंगड्या, पळून चाललास?"

"पोरांना वाचवून चाललोय."

"तिकडं पाय मोडणार न्हाईत का?"

"मोडतील. स्ट्रेचर येईल."

"आन् मोडणारा?"

"तो खेळेल पुढं. नाहीतर घरी जाईल."

"बग... घरी जाईल म्हनं. आन् त्येला कळायचं कसं, आपन काय मोडलं त्ये? मी तुझा पाय धरला न्हाई तवर मला कुठं म्हाईत व्हतं, पाय म्हंजी काय असतोय?"

मी चिडलेलो होतो. म्हणालो, "तुझा विकास कुठं बसला होता रे? उसात?" संपत उठला, बूट घातले आणि दारातून म्हणाला, "आणतो त्येला. उशीर झालाय, पण आणतो." माझं त्याच्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं.

वणवण फिरून त्यानं विकासला शोधला. पोरगं मामाच्या गावाला जाऊन लपलं होतं. संपतनं त्याला मारलं नाही, रागावला नाही, असं विकासनंच मला दवाखान्यात सांगितलं. खांदा बांधलेला, शर्ट संपतच्या रक्तानं वाळून कडक झालेला, तो काढू द्यायला तयार नव्हता. "सर म्हणले, जबडा बांधलेला हाय तवर जाऊन बस त्याच्याजवळ. त्याला पातळ पाज. शिव्या देनार न्हाई, तोंड बांधलंय, तवा भिऊ नगं." एवढं सांगून तो हुंदके द्यायला लागला. रविवारी सकाळी संपत त्याला मागं बसवून अमोलकडंच घेऊन येत होता. वरवंडच्या पुढं टेम्पोनं मागून धडक दिली. ज्यानं पाडलं तो थांबला नाही. अजून सापडलेला नाही. मी रोज त्याला शिव्या देतो, आणि सापडला तर हात उचलणार नाही याची खात्री देत नाही. विकास मात्र उठला नाही. लोकांनी पाणी दिलं, बाजूला हो म्हणाले, निखळलेला खांदा घेऊन तो डांबरावर तसाच बसून राहिला. मी म्हणालो, "लेका, तू कुठं पाडलं होतंस त्याला?" तो म्हणाला, "सर माझ्यापायीच निघालं व्हतं न्हवं."

खांदा बांधल्यावर तो अमोलकडं गेला. अमोलनं त्याला पाहून भिंतीकडं तोंड केलं. विकास बसून राहिला. पुढं काय झालं ते त्या दोघांचं आहे. मी एवढंच पाहिलं की जबडा सुटला त्या दिवशी अमोलनं तोंड उघडून पहिली जी शिवी दिली ती विकासला होती, आणि विकास ती ऐकून खुर्चीत मागं रेलला... जसा काही निकाल लागला.

आमचा अर्ज मंजूर झाला. मी बैठकीत पुन्हा उभा राहिलो, म्हणालो, अजून वर्षभर थांबू, नियम लिहून काढू. कुणी ऐकलं नाही, आणि त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. अमोलच्या जेवणाची नळी मी पाहिली आहे. नदीकाठची साखळी यंदा झाली नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही शहर गटातला पहिला सामना खेळलो. गवत खरंच हिरवं होतं. पाच गोल खाल्ले. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या बचावपटूनं त्यांच्या पोराला असा काही उचलून आपटला की घोट्याचा आवाज मला कडेला ऐकू आला. तो आवाज मला ओळखता येतो. पंचानं लाल कार्ड दाखवलं. डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं, सगळं ज्याच्या त्याच्या जागी होतं. आमच्या पोराला मी काही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. त्यानं बूट काढून बगलेत मारले आणि अनवाणी स्ट्रेचरच्या मागं चालायला लागला. अॅम्ब्युलन्सच्या दाराशी त्याला अडवलं. आतला माणूस म्हणाला, "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"न्हाई," तो म्हणाला. "मी पाडलंय त्येला. सरका."

आणि आत चढून त्यानं तो पाय मांडीवर घेतला.