दोन थापा

नायंगनच्या विल्फ टॅनरने गव्हाच्या कोठारांवर सदतीस वर्षं काढली. ट्रक आला की तो मूठभर गहू नाकाशी धरायचा आणि ओल किती ते सांगायचा. मग यंत्र लावायचे, तर आकडा बहुतेक वेळा विल्फच्या बाजूने पडायचा. याहून मोठं असं त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बायको नोरीन, एक मुलगी शेरिल, घरामागे लिंबाचं एक झाड. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोने मोटारीमागे ओढायची, आत राहता येईल अशी एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली आणि दर हिवाळ्यात थंडीला पाठ दाखवून ती उत्तरेला न्यायला सुरुवात केली. बरोबर जुना मित्र रेग ब्रॅटन आणि त्याची बायको डल्सी, त्यांच्या स्वतःच्या कॅरॅव्हॅनमध्ये. अशी सोळा वर्षं झाली.

मार्चमध्ये नोरीन गेली. सकाळी कपडे वाळत घालत होती, तेव्हाच. चादर दोरीवर एका चिमट्याने लोंबत होती, ती विल्फने नंतर नीट लावली. लोक आले, पॅटिस आणि केक घेऊन आले, गेले. विल्फने सगळ्यांचे आभार मानले. आतून काही हललं नाही. आज हलेल, उद्या हलेल, असं त्याला वाटत राहिलं आणि मग तसं वाटणंही थांबलं.

जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, रेग दारात येऊन उभा राहिला. "सोमवारी निघायचं. तू येतोयस."

"बघतो."

"बघायचं काय त्यात? नाही आलास तर तुला आत घालून तुझी गाडी मीच ओढत नेतो."

"येतो," विल्फ म्हणाला. जाण्यात त्याला गोडी नव्हती आणि घरी राहण्यातही नव्हती.

शेरिलचं म्हणणं वेगळं होतं. एकट्या माणसाने एवढं धूड कशाला ओढत फिरायचं, विकून टाका बाबा, असं ती फोनवर तीनदा म्हणाली. गिऱ्हाईकही तयार होतं. डल्सीची भाची टॅमसिन आणि तिचा नवरा लाँगरीचला राहायचे, त्यांना कॅरॅव्हॅन हवीच होती. ठरलं ते असं, की लाँगरीचला पोचेपर्यंत विल्फने हो किंवा नाही सांगायचं. आठवडाभराचा रस्ता होता.

पहिला मुक्काम बर्कजवळ नदीकाठी. संध्याकाळी पाचला आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन शेकोटीशी बसायचं, तसे तिघं बसले. रेगने सॉसेज जाळले. डल्सी म्हणाली, "सोळा वर्षांत याला एक सॉसेज धड भाजता आला नाही." रेग म्हणाला, "सोळा वर्षं खातेयस की." विल्फ योग्य त्या जागी हसला.

सकाळी गवतावर हिव पडलं होतं. विल्फने कॅरॅव्हॅन जोडली, मोटारीत बसला, इंजीन चालू केलं आणि बसून राहिला.

निघण्याआधी नोरीन गाडीभोवती एक फेरी मारायची. गॅस बंद, पायरी आत, टीव्हीचा अँटेना खाली, छताची खिडकी लावलेली, साखळ्या, पुढचं छोटं चाक वर. यादीचा कागद तिने कधी ठेवला नाही. सगळं बघून झालं की मागच्या भिंतीवर तळहाताने दोन थापा मारायची, मध्ये श्वासभर थांबून. पहिल्या थापेला विल्फचा डावा हात हँडब्रेकवर जायचा, दुसरीला ब्रेक सुटायचा. मग ती येऊन शेजारी बसायची आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा उघडायची. कोणीही गाडीवाला असंच काहीतरी करतो, त्यात विशेष काही नाही.

दोन्ही मोटारींत बोलायला वायरलेस होता, त्यावर रेगचा आवाज आला. "विल्फ, झोपलास की काय?"

"नाही. निघतो."

दुपारी कनामल्लात बेकरीसमोर गाडी लावताना डोक्यावर काहीतरी कडकडलं. टीव्हीचा अँटेना रात्रभर वर होता आणि अडीचशे किलोमीटर तसाच वर आला होता. झाडाच्या फांदीने तो बुडापासून उपटून फुटपाथवर टाकला. बेकरीतली बाई हातात पॅटिसची पिशवी घेऊन बाहेर बघायला आली.

रेगने अँटेना उचलला. "बरं झालं. बातम्यांत तसंही काही चांगलं नसतं."

डल्सी हसली नाही. ती विल्फकडे बघत होती. "उद्यापासून तुझी फेरी मी मारीन," ती म्हणाली.

"कशाला? मी करेन की."

"तू गप्प बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी डल्सी जाड कोट घालून त्याच्या गाडीभोवती फिरली. मग खिडकीशी आली. "ती थाप कशी मारायची रे?"

"दोन. मध्ये जरा थांबून."

डल्सी मागे गेली. एक थाप. मग दुसरी. अगदी तशाच पडल्या, तेवढ्याच अंतराने. आता काहीतरी होईल म्हणून विल्फ थांबला. काही झालं नाही. ब्रेक सुटला, गाडी निघाली. आरशात डल्सी डोळे पुसताना दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आपल्या नाही, याचं त्याला थोडं नवल वाटलं. तेही गाव मागे पडेपर्यंतच.

शार्लव्हिल, टॅम्बो, ब्लॅकॉल. लाल माती, काटेरी झुडपं, रस्त्याकडेला मेलेली कांगारू आणि त्यांच्यावरून नाइलाजाने उठणारे गरुड. समोरून तीन डब्यांचा गुरांचा ट्रक गेला की मागे कॅरॅव्हॅन हलायची. ब्लॅकॉलला गरम पाण्याच्या हौदात तिघं तासभर बसले. रेग म्हणाला, "आपण उकडलेल्या बटाट्यांसारखे दिसतोय." डल्सी म्हणाली, "तू पाण्यात उतरायच्या आधीपासूनच." विल्फला पाणी गरम आहे हे कळत होतं. बरं वाटतंय की नाही, ते नव्हतं कळत.

विकायचं की नाही यावर तो रोज विचार करायला बसायचा. गाडी ठेवली तर पुढच्या हिवाळ्यात हाच रस्ता, याच दोघांबरोबर. विकली तर घरामागचं लिंबाचं झाड आणि रविवारी शेरिलचा फोन. दोन्हींचं वजन सारखंच लागायचं. अडुसष्टच्या पुरात भिजलेला गहू हातात घेतला तेव्हासुद्धा त्याला अंदाज सांगता आला होता; इथे येत नव्हता.

ब्लॅकॉलहून निघायच्या दिवशी डल्सीने रोजच्यासारखी त्याची फेरी मारली, थापा मारल्या आणि थंडीत हात चोळत आपल्या गाडीकडे पळाली. विल्फ पुढे, ते दोघं मागे. गावाबाहेरच्या पुलाच्या कठड्याशी मागून धातू चिरडल्याचा आवाज आला. ब्रॅटनांची पायरी बाहेरच राहिली होती. कठड्यात अडकून ती मुरगळली आणि दाराखालचा पत्रा फाटला.

विल्फने गाडी बाजूला घेतली. उतरणार, तोच वायरलेसमधून आवाज आले. रेगच्या हाताखाली बटण दाबलेलंच राहिलं असावं.

"सोळा वर्षांत कधी राहिली होती का पायरी बाहेर?"

"राहिली. झालं आता."

"त्याच्या गाडीला थापा मारत बसायचं आणि आपली उघडी टाकायची."

"मग काय करू? मारल्या नाहीत तर बसून राहतो रे तो. बर्कला दहा मिनिटं इंजीन चालू ठेवून बसला होता, बघितलंस ना तू."

"बघितलं."

"मग?"

रेगने विचारलं, "पुढच्या वर्षीही मारशील?"

"मारीन. मी असेन तोवर मारीन."

"आणि मग?"

मग खरखर झाली आणि आवाज बंद पडले. विल्फ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. बर्कला आपण थांबलो होतो हे कुणाला कळलं नाही, असं तो समजत होता. त्याला राग आला नाही, लाजही फारशी वाटली नाही. एवढंच कळलं, की इतके दिवस सारखी वाटणारी दोन वजनं सारखी नव्हती. एका बाजूला डल्सी कोट घालून थंडीत उभी होती.

तो उतरला, मागे गेला आणि रेगबरोबर पायरी तारेने बांधू लागला.

"टॅमसिनला हो सांग," तो डल्सीला म्हणाला.

डल्सीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मोटारीतल्या वायरलेसकडे. "विल्फ, आम्ही जे बोललो ते–"

"पक्कड दे जरा."

लाँगरीचला टॅमसिन आणि तिचा नवरा जोएल वाट बघतच होते. टॅमसिन इस्पितळात नर्स होती, रात्रपाळी करून आलेली, तरी हसतमुख. विल्फने त्यांना सगळं दाखवलं. कुठला नळ गळतो, कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय लागत नाही, अँटेना का नाही.

"आणखी काही लक्षात ठेवायचं का, विल्फकाका?" टॅमसिनने विचारलं.

विल्फने जरा विचार केला. "निघायच्या आधी एक जण बाहेर राहायचं. भोवती फेरी मारायची." मग त्याने सांगितलं: गॅस, पायरी, अँटेना बसवाल तेव्हा अँटेना, छताची खिडकी, साखळ्या, पुढचं चाक. "सगळं नीट असलं तर मागे दोन थापा. मध्ये थांबून. गाडीतल्याने तोवर हलायचं नाही."

"मी बाहेर, हा आत," टॅमसिन म्हणाली. "उलटं झालं तर पायरी राहिलीच म्हणून समजा."

जोएलने कॅरॅव्हॅन आपल्या गाडीला जोडली आणि आत जाऊन बसला. टॅमसिन सावकाश फिरली, प्रत्येक गोष्टीला हात लावत. रेग, डल्सी आणि विल्फ फुटपाथवर उभे होते. मग ती मागे आली आणि तिने भिंतीवर थाप मारली.

विल्फचा डावा हात खाली गेला. बोटं मिटली. तिथे काही नव्हतं.

दुसरी थाप पडली. कॅरॅव्हॅन हलली, वळली, चौकातून दिसेनाशी झाली.

विल्फने हाताकडे बघितलं आणि तो खिशात घातला. रेग बुटांनी धूळ उकरत होता. डल्सीने हात पाहिला होता. तिने पिशवीतून डबा काढला.

"बिस्किट खाणार?"

"दे," विल्फ म्हणाला.