टीचरचं पारणं

आमच्या घरी ईस्टरला पारणं म्हणतात. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना सांगितलं, "रविवारी पारणं आहे, सकाळी मी उकड काढते." त्या पंचांग घेऊन बसल्या. एकादशी सापडेना. आमचं तंजावूरचं मराठी त्यांना आधीच गमतीचं वाटायचं, त्यात ही भर. शेवटी मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तू लिहून का ठेवत नाहीस?" देवनागरी मला धड लिहिता येत नव्हती, म्हणून राहिलं. आता येते, तर लिहिते.

तंजावुरात आमचं घर नव्या कालव्याच्या पलीकडच्या रस्त्यावर होतं आणि एका भिंतीपलीकडे टीचर राहायच्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. अख्खा रस्ता त्यांना टीचरच म्हणायचा. त्यांचा नवराही त्यांना 'टीचर' अशीच हाक मारायचा, मी स्वतः ऐकलंय. त्या तमिळ ख्रिस्ती, आम्ही मराठा राजांच्या मागून कधीकाळी तिकडे जाऊन राहिलेले मराठी ब्राह्मण. त्या आईला 'मामी' म्हणायच्या, तिकडे ब्राह्मण बायकांना म्हणतात तसं. दोघींचं सगळं बोलणं तमिळमधून, मागच्या अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीवर हात टेकून, रोज संध्याकाळी कपडे काढताना. जीव एकमेकींवर होता यात शंका नाही. पण खरं तेही सांगायला हवं: शेजाराच्या अकरा वर्षांत आई त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्याली नव्हती. टीचरनी कधी विचारलंही नव्हतं. दोघींनाही ते माहीत होतं आणि दोघीही तो विषय काढत नव्हत्या.

आईला टीचरबद्दल आदर होता तो त्यांच्या उपासामुळे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस टीचर कॉफी सोडायच्या. तंजावुरात माणूस काहीही सोडेल, कॉफी सोडणार नाही. आई स्वतः दर एकादशीला उपास करायची, पण सकाळच्या पहिल्या डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीला, देवसुद्धा आडवा येत नाही असं तिचं मत होतं. त्यामुळे ती आम्हाला ऐकवायची, "चाळीस दिवस गे, चाळीस. तुमच्याच्यानं चार तास होणार नाही." हे ती स्वतः कॉफी पिता पिताच म्हणायची.

मी दहा वर्षांची होते त्या वर्षी पावसाळ्यात टीचरचे यजमान गेले. मुलगा कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकताच सिंगापूरला लागला होता. तो आला, पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. रस्त्यात तेव्हा केबल टीव्ही आला होता, घराघरांतून दिवसभर गाणी चालायची. फोन मात्र कोपऱ्यावरच्या बूथवरच. टीचर रविवारी तिथे जाऊन मुलाशी बोलायच्या आणि येताना आमच्या दाराशी न थांबता सरळ घरात जायच्या. मग त्यांचा उपासाचा काळ लागला. कॉफी गेली, मग रात्रीचं जेवण गेलं. संध्याकाळी भिंतीशी त्यांचा हात दिसायचा तो नुसता हाडांचा.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आईनं विचारलं, "रविवारी काय करणार?"

टीचर म्हणाल्या, "यंदा आमच्याकडे ईस्टर नाही, मामी. वर्ष झालेलं नाही. आणि खरं सांगू, आता जे चाललंय तेच बरं आहे. एकदा जेवायचं. कॉफी तरी कुणासाठी करायची?"

आई घरात आली ती हातातले कपडे तसेच घेऊन. सण करायचा नाही हे तिला पटत होतं, आमच्यातही वर्षभर करत नाहीत. पण उपास सोडायचाच नाही म्हणजे काय? द्वादशीला वेळेत पारणं केलं नाही तर एकादशी फुकट जाते, हे तिच्या रक्तात होतं. इथे तर चाळीस एकादश्या फुकट जायची वेळ आली होती. तिनं माझ्या वडिलांना, अप्पांना, पंचांगात पारण्याची वेळ बघायला सांगितली. अप्पा म्हणाले, "त्यांचं आपल्या पंचांगात कसं असेल?" आई म्हणाली, "मग तें पंचांग काय कामाचें?"

तिनं ठरवलं की रविवारी पारणं आपण सोडवायचं. प्रश्न एवढाच की ख्रिस्ती माणसांचं पारणं कशावर सोडतात. आणि इथे मी माझं शहाणपण पाजळलं. मी कॉन्व्हेंटात शिकत होते, इंग्रजी वाचनाच्या पुस्तकात मी रंगीत अंड्यांची टोपली पाहिली होती. म्हटलं, "अंडी खातात."

आईचा चेहरा पडला. आमच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा वर्षातले चार महिने बंद असायचा. तिनं उठून तांदळाचा डबा उघडून बघितला. मग म्हणाली, "उकडीचें करूं. मोदक होतो तर अंडें होणार नाहीं काय? आंत काय असतें गे?"

आता आमच्या घरात कुणीही, अगदी कुणीही, अंडं फोडलेलं पाहिलं नव्हतं. दुकानात तारेच्या टोपलीत लटकलेली अंडी बाहेरून पाहिलेली, तेवढीच. अशा वेळी माणसानं माहीत नाही म्हणावं. मी सायन्सचं पुस्तक आणलं. त्यात अंड्याची आडवी कापलेली आकृती होती, काळ्या शाईतली. मधला गोल कोरा, पांढरा होता आणि बाहेरच्या भागावर रेघा मारून तो गडद केलेला होता. अंड्यात पांढरं आणि पिवळं असतं एवढं मी ऐकून होते. मी आकृतीवर बोट ठेवून बेधडक सांगितलं, "आत पांढरं. बाहेर पिवळं."

आईनं शनिवारी तांदूळ दळून आणले. रविवारी पहाटे उठून, आंघोळ करून, सोवळ्यात, तिनं आयुष्यातली पहिली अंडी केली. उकडीत तिनं केसरीत, म्हणजे आमच्याकडच्या शिऱ्यात, घालतात तो पिवळा रंग घातला. आत ओलं खोबरं, आणि गूळ घातला तर पांढरं राहणार नाही म्हणून साखर. हातावर वळून वळून तिनं त्यांना नेमका दुकानातल्या अंड्यांचा आकार दिला आणि इडलीपात्रात वाफवली. बारा झाली. केळीच्या पानावर ती पिवळीजर्द बारा अंडी बघून अप्पा म्हणाले, "छान झालीत," आणि देवाला नैवेद्य दाखवायचा की नाही या प्रश्नात न पडता बाहेर जाऊन पेपर वाचत बसले.

टीचर पहाटेच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. त्यांच्यात ती दफनभूमीत होते. सात वाजता त्या पांढऱ्या साडीत, चपलांना लाल माती लागलेली, रस्त्यावरून येताना दिसल्या. आई ताट आणि कॉफीचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात उभी. मी मागे, कॉफी प्यायचे टंबलर सांभाळत. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण टीचर नको म्हणाल्या तर आई पुन्हा कधी भिंतीशी उभी राहणार नाही हे मला कळत होतं.

"मामी, सांगितलं होतं ना, यंदा नाही," टीचर म्हणाल्या.

"सण नाहीच," आई म्हणाली. "पारणं आहे. उपास केला तर सोडायला हवा, नाहीतर केलेला सगळा वाया जातो. आणि पारणं एकटीनं सोडत नाहीत. मीही सकाळपासून काही घेतलेलं नाही."

ते खरं होतं. त्या दिवशी आईनं पहिली कॉफी घेतली नव्हती. टीचरनी तिच्याकडे बघितलं, मग कुलूप काढलं. आई त्यांच्या मागोमाग आत गेली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आधी पाणी द्या." टीचरनी माठातलं पाणी दिलं. आई प्याली. इतकं साधं होतं, आणि अकरा वर्षं झालं नव्हतं. टीचर रिकाम्या पेल्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या बसल्या, ताटातला एक पिवळा गोळा उचलला आणि विचारलं, "हे काय?"

"अंडं," आई म्हणाली.

टीचरनी ते मोडलं. पिवळ्याच्या आतून पांढरं खोबरं निघालं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं रडताहेत, तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण त्या हसत होत्या. यजमान गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या रडल्याही, ते वेगळं. आणि मग त्यांनी तीन अंडी खाल्ली, आईनं दोन, एकाच ताटातून. कॉफी त्या डोळे मिटून प्याल्या आणि त्यांनी टंबलर पुन्हा पुढे केला.

दुपारी त्यांनी मला भिंतीशी बोलावलं. "आईला अंड्याचं कुणी सांगितलं?"

"सायन्सच्या पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"आकृती बरोबर आहे. रंग तू चुकवलास. पिवळं आत असतं." गणिताचा पेपर परत देतानाचा तो आवाज. मला घाम फुटला. त्या खाली वाकून म्हणाल्या, "आईला कधीही सांगायचं नाही. तिनं पहाटे उठून केलंय. शपथ घे."

मी शपथ घेतली. इतकी मोठी गोष्ट मी तोवर कधी पोटात ठेवली नव्हती.

तेव्हापासून दर वर्षी ईस्टरला आमच्याकडे तेच. टीचरचं वर्ष संपलं, त्या पुन्हा त्यांचा सण करायला लागल्या, चर्चच्या मुलांसाठी बीटाच्या पाण्यात खरी अंडी रंगवायला लागल्या. पण सकाळी सात वाजता पहिला घास आमचा. दोन वर्षांनी आमच्याकडे फोन आला, अप्पांनी कधी काळी अर्ज केलेला. मग टीचर पारण्याला आमच्याकडेच यायच्या, कारण मुलाचा सिंगापूरहून फोन त्याच वेळी यायचा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायच्या, पहिलं अंडं मोडायच्या आणि आईची पाठ वळली की मला डोळा मारायच्या. आधी त्यांच्या घरी, मग आमच्याकडे, दर वर्षी मारला.

मग मुलानं त्यांना कायमचं तिकडे बोलावलं. घर विकलं गेलं. ईस्टर झाला की पुढच्या आठवड्यात त्या जाणार होत्या. मी तेव्हा कॉलेजात, एकोणीस वर्षांची, आणि त्या वयात माणसाला सगळं नीट करायची फार हौस असते. मला वाटलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी टीचरना बरोबर अंडं मिळायला हवं. शपथ मोडली तर मोडली. शनिवारी संध्याकाळी आई नारळ खवत होती, तिच्यासमोर बसून मी म्हटलं, "आई, यंदा पांढऱ्या उकडीत पिवळं पुरण भरू या. म्हणजे कसं, खरं अंडं तसंच..."

आई खवत राहिली. "मज ठावें आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. तिरुवैयारूच्या बसस्टँडवर एक माणूस उकडलेलीं कापून मीठ-मिरीं लावून विकत होता. बघतें तर पिवळें आंत. मला भर रस्त्यांत घाम फुटला."

मला राग आला. नऊ वर्षं मी मूग गिळून बसले होते, टीचर डोळे मारत होत्या, आणि हिला सगळं ठाऊक. "मग बदललं का नाहीस?"

आईनं खवणी थांबवली. "बदललें असतें तर तिला कळलें असतें कीं मला कळलें. ती मला सांभाळते आहे गे. दर वर्षी. नवरा गेला, मुलगा लांब. सांभाळायला कुणीतरी नको का तिला?" मग तिनं डोळे पुसले, खोबऱ्याच्याच हातानं, आणि म्हणाली, "साखर आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टीचर आल्या, उंबऱ्याशी बसल्या. आईनं पिवळीजर्द अंडी समोर ठेवली आणि डिकॉक्शन बघायला वळली. टीचरनी पहिलं अंडं मोडलं. आत पांढरं. त्यांनी आईच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळा मारला. मीही मारला.

आई कॉफी घेऊन वळली. "कसं झालंय?" तिनं विचारलं.

"अगदी अंड्यासारखं, मामी," टीचर म्हणाल्या, आणि दुसरं उचललं.