बांध फोडला त्या साली

माळावर फुटबॉलच्या रेघा मी ओढायची. चुन्याने नाही, राखेने. भाताचं तूस गिरणीतून आणायचं, परसात ढीग करून सावकाश जाळायचं. अर्धवट जळलं तर राख काळी राहते, पूर्ण जळलं तर पांढरी पडते. ती बुडाला भोकं पाडलेल्या डब्यात भरायची आणि वाकून चालत जायचं. मुरमाड माळावर ती रेघ लांबून दिसते. वारा सुटला की दुसऱ्या हाफपर्यंत अर्धी रेघ उडालेली असायची. मग बॉल बाहेर गेला की नाही यावरून भांडणं. ती मी ओट्यावर बसून ऐकायची आणि बरेचदा त्यांत पडायचीही.

माझं घर माळाला लागून आहे, गावापासून सुटं. नवऱ्याने बांधायला काढलं तेव्हा मी विचारलं होतं, इथे हाक मारली तर ऐकणार कोण? तो म्हणाला, इथून मॅच दिसते. तो रेल्वेच्या कारखान्यात होता, आसनगावला गाडी धरून कल्याणला जायचा. तिथल्या कामगारांत फुटबॉल शिकला आणि एक दिवस डब्याच्या पिशवीतून बॉल घेऊन आला. गावात तोवर कबड्डी आणि क्रिकेट. लोक त्याला येडा म्हणाले. मग तेच लोक खेळायला लागले, क्लब झाला, तालुक्याच्या लीगमध्ये नाव गेलं. नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवण येते का, असं बायका विचारतात. येते. मॅच असायची त्या दिवशी कमी यायची.

त्याने एक पद्धत घातली होती. मॅच संपली की दोन्ही टीम माझ्या ओट्यावर कोरा चहा पिणार आणि हरलेल्यांना आधी मिळणार. जिंकलेल्याला तहान लागत नाही, असं त्याचं म्हणणं. आमची टीम बहुतेक वेळा पहिला चहा प्यायची.

शनिवारी राख, रविवारी मॅच, सोमवारी कप विसळायचे. मंगळवारपासून पुढे काही नाही. कोंबड्या, भाताचं खाचर आणि भिंत. मुलगा बदलापूरला आहे. सून चांगली आहे, जागा लहान आहे. तिथे महिनाभर राहून आले. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. त्यांना त्रास नको आणि मलाही नको, म्हणून परत आले. मुलाला सांगितलं, मला रविवारी काम असतं. ते खोटं नव्हतं.

पुतण्या क्लबचा सेक्रेटरी. तोही गाव सोडून आसनगावला राहतो, कल्याणला नोकरी करतो. गेल्या साली होळी झाल्यावर एका रविवारी तो मॅचनंतर म्हणाला, कोणी जाऊ नका, बोलायचंय. टीम ओट्यावर बसली. त्याने मोबाइल काढला.

"तालुक्याच्या लीगा मोडून आता जिल्ह्याची एकच होणार, नवीन पद्धतीने. वरती एक गट, त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा."

"आन तिसऱ्याच्या खाली?" आमच्या गोलीने विचारलं. गोली म्हणजे गोलकीपर. हा डोंगरावरच्या वाडीतला, तिशीतला, गवंड्याच्या हाताखाली काम करतो. हात तव्याएवढे.

"खाली काय नाय."

"मग आपण कुठं?"

"ते आपल्यावर हाय. मैदान मापाचं पायजे, भोवती दोरी पायजे, कपडे बदलायला खोली पायजे, शिकलेला कोच पायजे. नायतर दुसऱ्या क्लबात मिळून जायचं. नायतर बंद."

खोलीला मी माझी पडवी देते म्हटलं. कोचचं शिक्षण पुतण्या स्वतः घेणार होता. दोरी काय, कुठेही मिळते. अडलं ते मापावर. माळ लांबीला कमी पडत होता. एका टोकाला ओढा, दुसऱ्या टोकाला बांध आणि बांधापलीकडे माझं खाचर. कोणीही खाचराकडे बघेना. बघत नाहीत म्हणूनच मला कळलं.

"माझं खाचर पायजे ना? मग तोंडाने बोला की मेल्यांनो. का मी मरायची वाट बघताय?"

"तसं नाय काकी," पुतण्या म्हणाला. "तुझं वर्षाचं भात येतं त्यात."

"माझं पोट केवढं. वरच्या अंगाला दुसरं खाचर हाय, रेशनचं येतं."

गोली खाली बघत म्हणाला, "आजे, दुसरा रस्ता पन हाय. मुरबाडच्या क्लबात मिळून जायचं. त्यांना मैदान हाय, पायऱ्या हायत."

"तू जा. तुला घेतील. ह्याला कोण घेईल?" मी पुतण्याच्या पोटाकडे बोट केलं. सगळे हसले, पुतण्याही हसला, आणि बांध फोडायचं ठरलं.

मी उदार झाले असं कोणी समजू नये. मला रविवार हवा होता. मॅच दुसरीकडे गेली तर माझ्या ओट्यावर कोण येणार होतं?

वैशाखात बांध फोडला. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेला बांध. कुदळ आपटली की ठिणगी उडावी एवढी ढेकळं कडक. टीम सकाळी उन्हाच्या आत यायची, ढेकळं फोडायची, मग एक जुना सिमेंटचा पाइप सगळे मिळून त्यावरून लोळवायचे. शिव्या, थट्टा, पाणी दे गो काकी. पाइपाखाली एकाची चप्पल गेली, ती कागदासारखी बाहेर आली. गोलपोस्ट पाण्याच्या लोखंडी पाइपांचा, जड. तो उपटून खाचराच्या पलीकडच्या कडेला रोवला. मी राखेचा डबा घेऊन नवीन रेघ ओढली. माझ्याच खाचरात कॉर्नर काढला. विचित्र वाटलं, वाईट नाही वाटलं. पावसाआधी एक मॅच आपसात खेळून झाली. बॉल त्या टोकाला जरा जास्तच उडत होता. सगळे म्हणाले, झकास.

आधीची लीग भात घरात आल्यावर, होळीच्या सुमाराला सुरू व्हायची आणि पावसापर्यंत चालायची. नवीन लीग गणपती झाल्यावर लगेच सुरू होणार होती. हेही पुतण्याने मोबाइलवरून वाचून दाखवलं होतं. ऐकून सगळे म्हणाले, बरं झालं, ऊन नाही लागणार. मीही म्हटलं.

त्या साली त्या खाचरात लावणी केली नाही. वरचं खाचर लावलं आणि खालच्याकडे बघितलंच नाही. बांध नव्हता, भात नव्हतं, बघायचं काय. गवत वाढलं, तेवढं दिसलं.

गणपती गेल्यावर मैदान बघायला जिल्ह्यातून एक माणूस आला. तरुण, बोलायला सभ्य. पुतण्या, गोली आणि मी त्याच्याबरोबर चाललो. ओढ्याकडून निघालो. माळ पाऊस पिऊन सुकला होता, मुरमाला पाणी टिकत नाही. तो मान डोलावत होता. बांधाची जागा ओलांडली आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत गेला. दुसरा पाय त्याहून खाली. गवताखालून बेडूक उडाले. पलीकडचा गोलपोस्ट एका अंगाला कलला होता, दारू प्यायल्यासारखा.

खाचर म्हणजे पाणी धरून ठेवायला केलेली जागा. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तळ घट्ट केलेला असतो, पाणी खाली मुरू नये म्हणून. बांध फोडला तरी तळ तोच राहतो. भादव्यात तिथे काय असतं हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आम्ही सगळी भातात जन्मलेली माणसं, आणि एकाच्याही तोंडून निघालं नाही. कारण फुटबॉल म्हटलं की आम्हा सगळ्यांना उन्हाळ्यातला माळ दिसायचा. भादव्यात त्या टोकाला बॉल मारायला कधी कोणी गेलंच नव्हतं. भाताचं डोकं वेगळं ठेवलं होतं, फुटबॉलचं वेगळं.

"आजी, हे सुकेल कधी?" त्या माणसाने पाय उपटत विचारलं.

"दिवाळीनंतर. पण ओल राहतेच. वाल पेरतो आमी ह्याच्यात, पाणी न घालता येतो."

"पहिल्या मॅचेस तर याच महिन्यात आहेत."

"मग दिवाळीनंतर ठेवा."

"एका क्लबासाठी नाही बदलता येत."

"एका कशाला? हा पट्टा सगळा भाताचाच हाय. कोणाला विचारलंत का?"

त्याने पायाचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाला, "नाही विचारलं, आजी." निदान खोटं बोलला नाही. ओट्यावर चहा केला. आधी कोणाला द्यायचा हे मला सुचेना. शेवटी पाहुणा म्हणून त्याला दिला.

मला त्यांचा राग नाही. आमच्या गोलीसारखा माणूस मोठ्या मैदानावर दिसला पाहिजे, एवढं मला चौथीपर्यंतच्या शिक्षणावर कळतं. चांगल्या टीमने चांगल्या टीमशी खेळावं, तेही बरोबर. पण खाली काही नाही असा तिसरा गट केला, तेव्हा खाली कोण राहिलंय ते वाकून बघायला हवं होतं. आमच्या बाजूचे क्लब असेच गेले. कोणाकडे खोली नव्हती, कोणाकडे कोच. सगळ्यांकडे माणसं होती, ती कोणी मोजली नाहीत.

नवरात्राच्या आत क्लब बंद करायचं ठरलं. गोली आणि आणखी दोघं मुरबाडच्या क्लबात गेले. बाकीचे घरी बसले. पुतण्या गोलची जाळी घेऊन माझ्याकडे आला.

"ही कुठं ठेवू काकी?"

"खुराड्यावर टाक. मुंगूस येतं."

"तुला राग आलाय."

"मुंगूस येतं म्हणून सांगते."

दिवाळीनंतर मैदानाच्या त्या टोकाला मी वाल पेरला. वेल कललेल्या पोस्टावर चढले. शेंगा तोडायला वाकावं लागलं नाही, तेवढं बरं झालं. एका शनिवारी सवयीने तूस जाळलं. राख चांगली पांढरी झाली होती. ती भांडी घासायला घेतली. रविवारी ओट्यावर बसले की समोर माळ, त्यावर कोणाच्या तरी शेळ्या. शेळ्यांना काय बोलणार. मुलाचा फोन आला, आता तर काही काम नाही ना, ये इकडे. मी म्हटलं, वालाच्या शेंगा आहेत.

त्याच थंडीत एकदा मुरबाडला मॅच बघायला गेले, किन्हवलीहून एसटीने. मैदान चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. रेघा चुन्याच्या आणि सरळ. बसायला सिमेंटच्या पायऱ्या. आमचा गोली बाकड्यावर बसला होता, क्लबचं जाकीट घालून. बाकीचे दोघं दिसलेच नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या गोलकीपरने पायांमधून बॉल जाऊ दिला.

मी ओरडले, "अरे, बुजगावणं उभं केलं असतं तरी अडवलं असतं रे."

माझ्या ओट्यावरून हे म्हटलं असतं तर मैदानातून उलट उत्तर आलं असतं. इथे दोन-तीन ओळी माणसं वळून बघायला लागली. शेजारची एक मुलगी जवळ सरकली. "आजी, तुम्ही कोणाबरोबर आलात? चुकलात का?" तिने प्रेमानेच विचारलं. मी म्हटलं, नाही बाळ, मॅच बघते. मग गप्प बसले. गोलीने आवाज ओळखला होता. त्याने हात वर केला, पण जागचा उठला नाही. उठायचं नसतं बहुतेक. मॅच संपल्यावर मी जरा थांबले, चहा कुठे देतात ते बघत. दोन्ही टीम आपापल्या गाड्यांकडे गेल्या. मीही एसटीकडे गेले.

उन्हाळ्यात बांध परत घातला. टीममधले सगळे येतो म्हणाले होते. एकटा पुतण्या आला. रविवारी आता ज्याला त्याला आपापली कामं लागली आहेत.

"पोट तरी उतरेल तुझं," मी म्हटलं.

"कोच व्हायला निघालो होतो काकी," तो घाम पुसत म्हणाला, "आन बांध घालतोय."

गोलपोस्ट काढायला चौघे लागतात. आम्ही दोघं. मग राहू दिला. यंदा लावणी त्याच्या भोवतीने केली.

आता भात पोटरीत आलं आहे, लोंबी बाहेर पडायची आहे. गेल्या रविवारी दिवस कलताना गोली बॅग घेऊन आला. मुरबाडहून येऊन, वाडीवर न जाता थेट माळावरून आला होता. येताना खाचरापाशी थांबला, पोस्टाकडे बघितलं आणि बांधावरून ओट्याकडे आला.

"खेळवला का तुला?" मी विचारलं.

"खेळवला. पुरी मॅच."

"मग तोंड का असं?"

"हरलो गो आजे. तीन खाल्ले."

"उंचावरून का जमिनीलगत?"

"जमिनीलगत."

"तुला पयल्यापासून खाली झोपताच येत नाय."

तो हसला. "तू हायस म्हणून सांगतेस. तिथं कोण बोलत नाय. नुसतं लिहून घेतात."

मी चहा टाकला. तो ओट्याच्या उजव्या टोकाला जाऊन बसला, हरलेली टीम बसायची तिथे. मी पहिला कप त्याच्यापुढे धरला.

"आन जिंकलेले?" तो म्हणाला.

"ते गाडीत बसून गेले असतील."

नवऱ्याच्या पद्धतीत घरच्या माणसाचा कप सगळ्यांत शेवटी यायचा. दोन्ही टीम पिऊन झाल्यावर, पातेल्यात तळाला उरलेला, गार. त्या दिवशी माझा कप दुसऱ्याच नंबरावर आला आणि गरम होता. काळोखाच्या आत त्याला वाडी चढायची होती. पुढच्या रविवारी त्याची मॅच शहापूरला आहे म्हणाला, त्याच्या पुढची आणखी कुठेतरी.

तो गेल्यावर दोन्ही कप मी लगेच विसळून पालथे घातले. सोमवारसाठी काही उरलं नाही.