पट्टीखालचा अंगठा

शिलाईवाल्या मावशींना खोटं बोलता येत नाही, असं सगळी गल्ली सांगायची. कपडे तयार नसले तर त्या तोंडावर सांगत, "विसरले बाई, उद्या ये." दुखण्याच्या बाबतीत मात्र पक्क्या थापाड्या. नवरा गेल्यापासून शिलाई मशीनच्या पायडलवर घर चाललं होतं. पाय दुखतो म्हणायची त्यांना चोरीच होती.

नर्सिंगच्या मुलींना शिकण्यासाठी वस्तीतली घरं वाटून देत. वर्षभर त्या घरातलं दुखणं त्या मुलीनं सांभाळायचं. मावशींच्या वाट्याला एक लाजरीबुजरी मुलगी आली. मावशींना साखरेचा आजार, आणि उजव्या अंगठ्याला काही केल्या न भरणारी जखम. मुलगी खाली बसायची, पाय मांडीवर घ्यायची, जखम धुऊन पट्टी बांधायची. मावशींना तिचा लळा लागला तो तिथेच. पोटच्या लेकीनंही त्यांचा पाय कधी असा मांडीवर घेतला नव्हता.

मुलीचं काम तपासायला कॉलेजच्या मॅडम घरी येणार होत्या. त्या सकाळी मावशींनी पट्टी सोडून पाहिली, तर अंगठा काळानिळा पडलेला. दुखत मात्र काहीच नव्हतं. त्यांना भीती वाटली, पण ती पायाची नव्हे. हे मॅडमनी बघितलं तर पोरीचं काय होईल? त्यांनी पट्टी परत गुंडाळली आणि मुलगी बांधायची तशीच गाठ मारली.

"पट्टी सोडून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी पाय मागे ओढला. "अहो, कालच बांधलीय तिनं, किती नीट! जखम भरत आलीय, कशाला उगाच डिवचता?"

मुलीनं गाठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मॅडमना पुढची घरं गाठायची होती. मुलगी पास झाली.

पुढच्या खेपेला ती आली, तेव्हा दारातच वास आला. तिनंच मावशींना दवाखान्यात नेलं. अंगठा काढावा लागला.

शुद्धीवर आल्या आल्या मावशी म्हणाल्या, "रडू नकोस गं. पास झालीस ना तू?"

"कसली पास, मावशी? ती गाठ माझी नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी गप्प बसले."

आपण जीव लावला आणि त्याच जिवाला कायमचा घोर लावला, हे मावशींना अंगठ्यापेक्षा जास्त लागलं.

मुलीनं मॅडमना सगळं सांगितलं. तिला ते वर्ष पुन्हा करावं लागलं, आणि तिनं मागून घेतलं ते मावशींचंच घर. मावशी आता टाचेनं पायडल मारत होत्या. मशीन सावकाश चालायचं, पण चालायचं.

"कसं आहे?" दारातून मुलीनं विचारलं.

"बरंय गं, मला काय धाड भरलीय?" मावशी सवयीनं म्हणाल्या आणि थबकल्या. मग त्यांनी मशीन थांबवलं आणि मुलगी खाली बसताच आपणच पाय तिच्या मांडीवर ठेवला.

"सोड पट्टी," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून बघू."