बोक्याचा वाटा

आमचा म्हातारा बोका मेल्यावर पुढचे दोन महिने त्याच्या वाट्याची मांदेली मी तळून खाल्ली, हे आधीच कबूल करतो.

ती मांदेली देणारी मावशी उरणहून येते आणि खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर माशांची पाटी घेऊन बसते. गिऱ्हाइकाचा मान वगैरे ती ठेवत नाही. पापलेट दाबून बघणाऱ्या बाईला म्हणते, "गुदगुल्या करून तो हसनार नाय." मला काय हवं हे तर ती विचारतच नाही, हाताला येईल ते पिशवीत टाकते. बोक्याचा वाटा मात्र निवडून, वेगळ्या कागदात बांधते. त्याला ती सासरा म्हणते. "सासरा बरा हाय ना?" हे विचारल्याशिवाय पिशवी हातातून सोडत नाही.

बोका गेला त्या आठवड्यात मी "बरा आहे" म्हणालो, कारण खरं सांगताना रडू आलं असतं. पुढे तेच म्हणत राहिलो, कारण मांदेली ताजी असायची.

परवा तिने एक बोंबील घेतला आणि त्याचा मधला काटा बोटांनी सावकाश ओढून काढला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. "थांबा जरा, म्हाताऱ्याला दात नाय," असं त्यांच्यावर खेकसून तिने पुडी माझ्यापुढे धरली.

मला ती घेववेना.

"मावशी, तो दोन महिन्यांपूर्वीच गेला. मासे मी खाल्ले, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाला. पण तुम्ही दर वेळी त्याची तब्येत विचारलीत आणि मी खोटं बोललो, त्याची माफी मागतो."