इलीनबाईंनी न दिलेलं रिव्हॉल्व्हर

“चेक घेतला, सही केली, आणि रिव्हॉल्व्हर मात्र दिलं नाही? मग आपला डिफेन्स काय?” वॉल्टरने विचारलं.

वॉल्टर माझा बॉस. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये कोर्टाजवळ त्याचं छोटंसं लॉ ऑफिस होतं. ऐंशीचं दशक होतं. मी नागपूरची, इथे पुन्हा लॉ शिकून, बारची परीक्षा देऊन त्याच्याकडे नुकती लागले होते. समोर आमच्या क्लायंट इलीनबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, ताठ, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. नवरा हॅरल्ड मोटारींच्या कारखान्यात होता. तो वारल्यावर त्याचं रिव्हॉल्व्हर विकायला त्यांनी पेपरात जाहिरात दिली होती.

आमच्या राज्यात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर शेजाऱ्याकडून घ्यायचं असलं, तरी आधी पोलिसांकडे जावं लागे. ते तुमचा रेकॉर्ड तपासून परचेस लायसन्स देत. त्याची मुदत थोडी असे. विकणाऱ्याने ते पाहायचं, सही करायची, एक कॉपी ठेवायची. गॅरी नावाचा माणूस असं लायसन्स घेऊन इलीनबाईंच्या दारात आला. कागद चोख होते. दोघांच्या सह्या झाल्या. बाई रिव्हॉल्व्हर आणायला आत गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

“का?” मी विचारलं.

“त्याने काहीच विचारलं नाही गं. कुठल्या मेकचं, चालतं का, काही नाही. माझा जुना टोस्टर विकला तेव्हा त्या बाईने तो दोनदा लावून बघितला होता. आत जाताना मी वळून पाहिलं, तर हा भिंतीला टेकून उभा, डोळे पुसत. मला वाटलं, हा स्वतःचं काही बरंवाईट करणार. मी म्हटलं, सॉरी, मला नाही विकायचं.”

गॅरीने चेक परत घेतला नाही. आठवड्याच्या आत त्याच्या वकिलाचं पत्र आलं. व्यवहार पूर्ण झालाय, वस्तू द्या, नाहीतर दावा लावू.

बाई बाहेर बसल्यावर वॉल्टर मला म्हणाला, “सोपं आहे. उत्तर द्यायला उशीर कर. लायसन्सची मुदत संपेल. मग तो घेऊच शकत नाही.”

“तो नवीन काढेल.”

“तोवर थंड होईल.”

मला ते पटेना. विक्रीच्या कायद्यात गुड फेथ नावाची गोष्ट असते. म्हणजे करार केलात तर मनात एक आणि कागदावर एक असं ठेवायचं नाही. आम्ही मुद्दाम वेळकाढूपणा करणार आणि कोर्टात उभं राहून आमच्या बाईंचा हेतू शुद्ध होता म्हणणार, हे कसं जमायचं? मी तसं बोलून दाखवलं. वॉल्टरने चष्मा काढला.

“मग तुझा प्लॅन काय?”

“सरळ कळवू, की विकणार नाही. चेक परत. अशा साध्या वस्तूसाठी कोर्ट सहसा ‘तीच द्या’ म्हणत नाही. त्याला दुसरीकडे महाग पडलं तर फरक भरून द्यायला सांगतं. तसली रिव्हॉल्व्हर्स दुकानात हवी तेवढी आहेत. फरक पडलाच तर किरकोळ.”

“केस तू जिंकलीस की,” तो म्हणाला.

मी खुशीत बाहेर जाऊन इलीनबाईंना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी सुटले. आणि तो दुकानात जाऊन दुसरं घेईल?”

ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, तो माझ्या प्लॅनमध्ये कुठेच नव्हता.

मी गॅरीच्या वकिलाला फोन केला. म्हटलं, पत्राला उत्तर देण्याआधी आपण सगळे समोरासमोर बसू. तो हसला. “एवढ्याशा केससाठी मीटिंग?” पण तयार झाला.

बाहेर बर्फ साचलं होतं, त्यामुळे सगळे बूट आपटत आत आले. गॅरी चाळिशीचा, खांद्याने रुंद, हायस्कूलमध्ये शॉप टीचर, म्हणजे मुलांना सुतारकाम शिकवणारा. तो इलीनबाईंकडे बघतच नव्हता. वॉल्टरने हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. मी रात्रभर मनात घोकलेला प्रश्न विचारून टाकला.

“गॅरी, ते रिव्हॉल्व्हर तुम्हाला स्वतःला मारून घ्यायला हवं होतं का?”

वॉल्टरला खोकल्याची उबळ आली. गॅरीचा वकील ताडकन म्हणाला, “उत्तर देऊ नका.”

“नाही, देतो,” गॅरी म्हणाला. “मला नव्हतं हवं. माझ्या वडिलांना हवं होतं. खूप वर्षांपूर्वी. ते रिव्हॉल्व्हर त्यांचंच.”

इलीनबाईंनी मान वर केली.

गॅरीचे वडील आणि हॅरल्ड एकाच शॉपफ्लोअरवर होते. एका मंदीत वडिलांना ले-ऑफ मिळाला. घरात रिव्हॉल्व्हर होतं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागली. त्यांनी ते एकट्या हॅरल्डला सांगितलं. हॅरल्ड म्हणाला, मला विक. नुसतं सांभाळायला घेतलं असतं, तर उद्या परत मागता आलं असतं. शिवाय कुणाची दया नको, म्हणून रीतसर व्यवहार. लायसन्स, सह्या, सगळं. कागदावर ती साधी विक्री होती.

“बाबांनी पुन्हा ते कधी मागितलं नाही,” गॅरी म्हणाला. “ते खूप जगले. नातवंडांना मासे पकडायला शिकवलं. या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, हार्टने गेले. जाण्याआधी मला हे सांगितलं. मग पेपरात जाहिरात दिसली, पत्ता ओळखीचा. ते आणखी कुणाच्या घरात जाऊ नये एवढंच मला वाटत होतं. मी ते पोलिसांना देऊन मोडीत काढणार होतो.”

“मग दारातच का नाही सांगितलंस?” इलीनबाई म्हणाल्या.

“बाबांची गोष्ट होती ती. तुमच्या उंबऱ्यावर उभं राहून कशी सांगू? तुमच्या मिस्टरांनी तुम्हालाही सांगितलेलं दिसत नव्हतं.”

“नाही सांगितलं.” त्यांचा आवाज बदलला. “आमची चणचण होती त्या वर्षी. हा बंदूक घेऊन घरी आला, म्हणून मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. त्याने एक अक्षर काढलं नाही. खाली मान घालून जेवायचा.” मग त्या वॉल्टरकडे वळून म्हणाल्या, “बघितलंत? माझा हॅरल्ड!”

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा असा अभिमान वाटायला लागलेली बाई मी त्या दिवशी पाहिली. पुढची पाच मिनिटं कुणी कायद्याचं काही बोललं नाही.

बाकी काम किरकोळ होतं. विक्री रद्द, चेक परत, दावा नाही, असा एक कागद मी टाइप करून घेतला. पोलिसांना आधी फोन करून ठेवला आणि दोघांना रिव्हॉल्व्हरसकट माझ्या गाडीने पोलीस स्टेशनवर नेलं. काउंटरवरच्या सार्जंटने फॉर्म भरताना विचारलं, “देण्याचं कारण?”

इलीनबाई म्हणाल्या, “दोन घरांना नकोय.”

त्याने तसंच लिहिलं.

ऑफिसात परतले, तेव्हा वॉल्टर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. “माझी असोसिएट. नाही, तिने सरळ तोंडावर विचारलं. हो, खरंच!” मला बघून त्याने आवाज खाली केला, पण फार नाही. त्यानंतर नवीन क्लायंटची पहिली मीटिंग तो मला एकटीला घेऊ देऊ लागला. नागपूरला आईला मी एवढं लांब पत्र लिहिलं की पाकिटाला जास्तीची तिकिटं लागली.

पुढे घरं, गाड्या, दुकानं, नाना तऱ्हेच्या विक्रीचे कागद मी केले. कोण विकतोय आणि कोण घेतोय, हे कागद नीट सांगतो. का, ते सांगत नाही. ते मी तोंडाने विचारते. अर्धे लोक चिडतात. उरलेल्या अर्ध्यांना सहसा वकिलाची गरज उरत नाही, आणि वॉल्टरच्या मते धंद्याच्या दृष्टीने हे काही बरं नव्हतं.